जहाजाची वेळ

वन्संना मी बेटावर सोडून आले. विसरून नाही, चुकामूक होऊन नाही, सोडून आले. कालपासून जहाजावरचे लोक येऊन मला धीर देताहेत. "तुमचा काय दोष हो, होतं असं, उद्या पुढच्या बंदरात भेटतीलच त्या." मी मान हलवते. दोष माझाच आहे, आणि तो मला कुणाशी वाटून घ्यायचा नाही.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. त्यांनी लग्न केलं नाही, शिवणाचा कारखाना काढला. वर घर, खाली कारखाना आणि मध्ये आतला जिना, त्यामुळे घर कुठे संपलं आणि काम कुठे सुरू झालं ते मला कधी नीट कळलंच नाही. मी त्या घरातली एकुलती एक सून. मला थोरली जाऊ नाही, तरी माझं नाव पडलं धाकटी. थोरलेपण वन्संनी आधीच उचलून ठेवलं होतं, मग उरलं ते मला मिळालं. "धाकटे, दोरा संपला." "धाकटे, बाहेर कोण आलंय बघ." माझा नवरा गेला, मुलगा शिकून लांब गेला, डोक्यावरचे केस पांढरे झाले, तरी मी आपली धाकटीच.

वन्सं घड्याळ घालत नाहीत. मनगटाला टोचतं म्हणतात. खरं तर त्यांना त्याची गरजच पडली नाही. कारखान्याच्या भिंतीवरचं घड्याळ त्या मुद्दाम जरा पुढे ठेवायच्या, म्हणजे बायका लवकर येतील, आणि बाहेर कुठेही गेलं की त्यांचं घड्याळ म्हणजे मी. "धाकटे, किती वाजले?" हे मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतसुद्धा माझं मनगट वळत असेल.

आता माझ्या आईचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

आई गेली त्या दिवशी मी काजाच्या मशीनवर होते. शाळा उघडायला आल्या होत्या, सदऱ्यांचे गठ्ठे छताला टेकले होते आणि संध्याकाळी ट्रक यायचा होता. काजाचं मशीन एकच, आणि त्याच्या खोडी ठाऊक असलेली मी एकटीच. दुसरं कुणी बसलं की ते मेलं दोरा तोडायचं. सकाळी वन्संच्या टेबलावरचा फोन वाजला. त्यांनी उचलला, "बरं, सांगते" म्हणाल्या आणि ठेवला. मला वाटलं, बटणवाला असेल. दुपारी त्यांनी मला जागेवर चहा आणून दिला. जन्मात कधी त्यांनी कुणाला चहा आणून दिला नव्हता. मी वेडी, सुखावले. संध्याकाळी ट्रकचं फाळकं लागलं तेव्हा त्या माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "धाकटे, तुझ्या आईला बरं नाही. निघ तू. गाडी सांगितलीय मी."

मी पोचले तेव्हा आईच्या नाकात कापूस घातलेला होता. माझा भाऊ भिंतीला टेकून बसला होता. म्हणाला, "सकाळीच फोन केला होता. दुपारपर्यंत शुद्धीवर होती गं. सारखी दाराकडे बघत होती. का नाही आलीस?"

परत आल्यावर मी वन्संसमोर जाऊन उभी राहिले. त्या कापड बेतत होत्या.

"सकाळी फोन आला होता ना?"

"आला होता."

"मग?"

"मग काय? सांगितलं असतं तर तू गेली असतीस."

"गेलेच असते."

"आणि काजं कुणी केली असती? पोरांनी उघडे सदरे घालून शाळेत जायचं?" त्यांनी कात्री खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. "हे बघ धाकटे, मी खोटं बोललेले नाही. थांबून सांगितलं एवढंच. आणि तू जाऊन ती वाचणार होती का?"

वाचणार नव्हती. अहो, वाचणार नव्हती म्हणून तर जायचं होतं. पण हे शब्द मला त्या वेळी सुचले नाहीत, रात्री सुचले, आणि तेव्हा ऐकायला फक्त नवरा होता. तो म्हणाला, "जाऊ दे, ताईचा स्वभावच तसा." स्वभावाला औषध नाही म्हणतात. मी औषध शोधायला गेलेच नाही. मी डूख धरला. घरात नागीण आहे हे कुणाला कळू नये म्हणून रोज वेळेवर भाकऱ्या थापल्या, वन्संच्या गुडघ्यांना तेल लावलं, आणि वाट बघत राहिले.

यंदा कारखाना बंद केला. वन्संचे गुडघे गेले, माझे डोळे गेले, मशिनी कुणीतरी उचलून नेल्या. खालचा मजला इतका मोकळा झाला की बोललेलं घुमायला लागलं. एक दिवस वन्सं जिना चढून वर आल्या आणि धापा टाकत म्हणाल्या, "धाकटे, बॅग भर. जहाजावर जायचंय आपल्याला."

"कुठे जायला?"

"कुठे काय? समुद्रात. बेटं दाखवत फिरवून आणतात. जन्मभर खाली मान घालून शिवलं, आता जरा मान वर करू."

मला विचारलं नाही. विचारायची पद्धत आमच्याकडे नव्हतीच. मी बॅगा भरल्या, दोघींच्याही.

जहाजावरची आमची खोली म्हणजे दोन खाटा, मध्ये एक खण, एक गोल खिडकी, आणि न्हाणीघर इतकं अरुंद की पडदा अंगाला चिकटतो आणि वन्सं आतून त्याला शिव्या घालतात. जेवायला आमच्या टेबलावर एक नवं जोडपं असायचं. ती दोघं रोज उशिरा यायची आणि वन्सं रोज त्यांना ऐकवायच्या. "लग्न झालं म्हणून घड्याळ बंद पडत नाही हो!" नवी नवरी लाजून हसायची. तिला वन्सं आवडायच्या. वन्सं सगळ्यांनाच आवडतात, त्यांच्या हाताखाली काम केलं नसेल तर.

जहाजावर एक करमणूक असते, ती कुणी आखलेली नसते. बंदरातून निघायची वेळ झाली की जुनी, जाणती माणसं हातात पेले घेऊन धक्क्याच्या बाजूच्या कठड्याला उभी राहतात आणि उशीर झालेल्यांची फजिती बघतात. कुणी ना कुणी असतंच. पिशव्या सांभाळत, चपला हातात धरून धक्क्यावरून पळत येतं, आणि वरून टाळ्या, शिट्ट्या, फोन काढून फोटो. पहिल्या बंदरात एक लठ्ठ गृहस्थ असे पळत आले की त्यांची विजार एका हाताने धरलेली होती. वन्सं हसून हसून कठड्यावर वाकल्या.

"बघ, बघ ते ध्यान! वेळेचं भान नको का माणसाला? खरं तर शिडी काढूनच घ्यायला हवी होती. म्हणजे कळलं असतं, उशीर म्हणजे काय असतो ते."

हे कुणी सांगावं? वन्संनी. कुणाला? मला. मी त्यांच्या शेजारी उभी होते आणि माझे दात एकमेकांवर घट्ट बसले. मनात म्हटलं, मागितलंत ना स्वतःच्या तोंडाने? मग मिळेल.

तरीही आपण खरंच काही करू असं मला वाटलं नव्हतं. पुढच्या सकाळी बेट आलं तोपर्यंत वाटलं नव्हतं. वन्सं न्हाणीघरात होत्या, पाणी धो धो चालू होतं, आणि छतातल्या कर्ण्यातून तो रोजचा हसरा माणूस बोलायला लागला. आज ऊन कडक आहे, टोप्या घाला, पाणी पीत राहा. आणि एक महत्त्वाचं, बेटाची वेळ आपल्या वेळेपेक्षा एक तास मागे आहे. बेटावरच्या घड्याळांवर जाऊ नका. जहाज जहाजाच्या वेळेने चालतं, आणि जहाजाच्या वेळेने बरोबर चारला शिडी निघेल.

आतून वन्संचा आवाज आला, "काय म्हणतोय गं तो?"

"ऊन आहे म्हणतोय. टोपी घाला."

टोपीचं तो म्हणालाच होता. म्हणजे मी खोटं बोलले नाही. बाकीचं मी थांबून सांगणार होते.

उतरायच्या जागी फळ्यावर खडूने लिहिलं होतं, चारच्या आत परत या. वन्संनी चष्मा वर करून वाचलं. "चार. चिक्कार वेळ आहे." दारातल्या यंत्राने आमची कार्डं एकेक करून वाजवून घेतली आणि आम्ही शिडी उतरलो. वन्संचा हात माझ्या खांद्यावर होता. गुडघ्यांमुळे त्या उतरताना सगळा भार माझ्यावर टाकतात. मी मनगटावरचं घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं. घामाने पट्टा चिकटत होता, आणि तेही खोटं नव्हतं.

बेट एवढंसं, की एका टोकाला भांडण लागलं तर दुसऱ्या टोकाचा माणूस सोडवायला येईल. लांबलचक धक्का, पुढे एकच बाजाराचा रस्ता, पत्र्याची छपरं, आणि चौकात टपाल कचेरी. तिच्या कपाळावर मोठं घड्याळ होतं, लांबून दिसेल असं. वन्सं ते बघून खूश झाल्या. "हे बरंय. आज तुझ्या मनगटाला सुट्टी."

बाजारात एक टोपल्या विणणारी बाई दुकानाच्या पायरीवर बसली होती. टोपल्यांबरोबर टोप्याही होत्या. वन्संनी एक टोपी उचलली, उलटी केली, कडेची शिवण नखाने ओढून पाहिली.

"टाके लांब पडलेत बाई तुझे. पावसात उसवेल."

"डोक्यावर घालायची आहे, घरावर नाही," टोपलीवाली म्हणाली.

मला हसू फुटलं आणि मी ते गिळलं. वन्संना मात्र तोडीस तोड भेटल्याचा आनंद झाला. दोघींची अशी जुंपली की मी बाजूला उभी राहून राहून कंटाळले. शेवटी वन्संनी त्याच टोपीवर बोट ठेवलं, घेतली आणि मला न विचारता माझ्या डोक्यावर दाबून बसवली. "तुझं डोकं लगेच चढतं उन्हानं. काढू नकोस." ही माया की हुकूम हे मला कधी ओळखता आलं नाही. एवढी वर्षं काढून आता ओळखायची इच्छाही उरली नव्हती.

दुपारी आम्ही किनाऱ्यावर गेलो. झाडांखाली कापडी खुर्च्या मांडलेल्या होत्या. वन्संनी साडी वर खोचली आणि पाण्यात पाय घातले. त्यांच्या पोटऱ्या मी जन्मात पहिल्यांदा उन्हात पाहिल्या. गोऱ्यापान, कधी ऊन न लागलेल्या. लाट आली की त्या माझा दंड धरून लहान पोरीसारख्या किंचाळायच्या. बाजूच्या खुर्च्यांवरचे लोक आमच्याकडे बघून हसत होते. बहिणी असतील असं त्यांना वाटलं असणार.

नंतर आम्ही खुर्च्यांवर बसलो.  मग वन्सं समुद्राकडे बघतच म्हणाल्या, "धाकटे, एक विचारू?"

"विचारा."

"तुझ्या मनात अजून ते आहे का गं?"

 मी त्यांच्याकडे वळून पाहिलं. "ते म्हणजे काय?"

वन्संनी ओठ उघडले. पायाच्या अंगठ्याने वाळू उकरली. मग म्हणाल्या, "काही नाही. असंच."

असंच! म्हणजे त्यांना ठाऊक होतं. इतकी वर्षं ठाऊक होतं की माझ्या मनात काहीतरी आहे, आणि ते काय आहे हेही. शब्द तोंडापर्यंत आले आणि त्यांनी ते परत गिळले. विचारायचं होतं तर पुरतं विचारायचं होतं. "तुझ्या आईपाशी मी तुला पोचू दिलं नाही," एवढं एक वाक्य. त्या एका वाक्यावर मी कदाचित तिथल्या तिथे त्यांना वेळ सांगून टाकली असती, हाताला धरून उठवलं असतं, धक्क्यावर नेलं असतं. पण वन्संना जड वस्तू दुसऱ्याने उचललेली आवडते. माझ्या मनात जे थोडंसं डळमळत होतं ते त्या 'असंच'ने पक्कं बसलं.

मी उठले. "मी जरा मघाच्या टोपल्या बघून येते. एक न्यावी म्हणते घरी."

"जा. लांब जाऊ नकोस पण. किती वाजले?"

झाडांच्या वरून टपाल कचेरीचं घड्याळ दिसत होतं. "अडीच," मी म्हटलं. बेटावर खरंच अडीच वाजले होते.

"मग अजून खूप अवकाश आहे. मी जरा पडते. तू आलीस की उठव मला." त्यांनी पदर तोंडावर घेतला.

टोपलीवालीच्या दुकानावरून मी मान खाली घालून गेले. ती कुणाशी तरी बोलत होती, तिने मला पाहिलं नाही. चौक ओलांडला आणि धक्क्याला लागले तेव्हा माझे पाय कापत होते, पण ते भीतीने नव्हे. लग्नाच्या आधी एकदा मी आईला न सांगता जत्रेला गेले होते, तेव्हा असे कापले होते. धक्क्यावर आमच्या जहाजाची माणसं लगबगीने चालली होती. मी त्यांच्यात मिसळले. दारात माझं कार्ड वाजलं आणि पहारेकरी म्हणाला, "वेळेवर आलात, आजी." मी म्हटलं, "मी नेहमीच वेळेवर असते. मला कळवलं तर."

खोलीत जाऊन खाटेवर बसले. समोर वन्संची खाट होती, तिच्यावर त्यांचा रात्रीचा गाऊन घडी करून ठेवलेला. त्यांचा फोन खणात होता, समुद्रात पडेल म्हणून त्या तो नेतच नसत. मी नुसती बसून राहिले. थोड्या वेळाने दार वाजलं. पांढऱ्या कपड्यांतला एक तरुण अधिकारी उभा होता.

"तुमच्या खोलीतल्या दुसऱ्या बाईंचं कार्ड वाजलेलं नाही अजून."

"हो का?"

"कुठे आहेत काही कल्पना आहे? वाटेत असतील तर कप्तान थोडे थांबतील. जागा सांगितलीत तर मी धक्क्यावरून गाडी पाठवतो. पाच मिनिटांचं काम."

पोरगा चांगला होता. माझ्या तोंडाकडे आशेने बघत होता. किनारा, झाडं, तिसरी खुर्ची, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. मला एकदम वन्संचा तो चहा आठवला, कपातून वाफा येत असलेला, माझ्या मशीनच्या कडेला ठेवलेला. तो ठेवताना त्यांनाही असंच वाटलं असेल का, की एक वाक्य, आणि ही पोरगी उठून धावेल? वाटलं असेल तरी त्यांनी चहा ठेवला आणि त्या निघून गेल्या.

"मला काय ठाऊक," मी म्हटलं. "त्या आपल्या मनाच्या मालक आहेत. मला सांगून कुठे जात नाहीत."

त्याने मान डोलावली. "मग त्यांचा पासपोर्ट आणि औषधं तेवढी द्या. आमचा माणूस असतो बंदरावर. तो त्यांची राहायची सोय करेल आणि विमानाने पुढच्या बंदरात आणून सोडेल. घाबरू नका."

मी बॅग भरली. पासपोर्ट, रक्तदाबाच्या गोळ्या, गुडघ्यांचं तेल, एक शाल, दोन साड्या, धुतलेले झंपर, फोन, मऊ चपला, कारण बाहेरच्या चपलांनी त्यांना रात्री पायात गोळे येतात. गोळ्यांची पट्टी संपत आली होती, नवी शोधून घातली. सूड वेगळा, रक्तदाब वेगळा. बॅगेची चेन लावली आणि अधिकाऱ्याच्या हातात दिली. मग केस नीट केले आणि वर गेले.

कठड्याला गर्दी जमली होती. मी पुढची जागा धरली. माझ्या आयुष्यात मी कुठे पुढची जागा धरली असेन तर तिथे. शेवटचा भोंगा झाला. धक्क्यावर एक उघडी गाडी येऊन थांबली आणि आमच्या टेबलावरचं नवं जोडपं तिच्यातून उडी मारून पळत सुटलं. वर एकच जल्लोष झाला. नवरीच्या हातातली पिशवी फाटली, शंख धक्क्यावर सांडले, नवरा ते वेचायला वाकला, ती त्याला ओढायला लागली. दोघं आत शिरली आणि शिडी उचलली गेली. दोर सुटले. जहाज आणि धक्का यांच्यामध्ये पाण्याची बारीक पट्टी दिसू लागली.

आणि वन्सं आल्या.

धक्क्याच्या टोकाशी त्या एका सामानाच्या हातगाडीवरून उतरल्या. अंबाडा सुटला होता, पदर कमरेला खोचलेला, एका पायात चप्पल नव्हती. गुडघ्यांचं सगळं विसरून त्या पळत होत्या. खरोखर पळत होत्या. कठड्यावरून टाळ्या सुरू झाल्या. "पळा आजी, पळा!" कुणीतरी लांब शिट्टी मारली. शेजारच्या माणसाने फोन वर धरला. मीही टाळ्या वाजवल्या. मोठ्याने वाजवल्या, तळवे झोंबेपर्यंत. आई, बघ म्हटलं. उशीर म्हणजे काय असतो ते बघतेय बघ ती.

बंदरावरचा माणूस बॅग घेऊन त्यांना सामोरा गेला. त्यांनी बॅगेकडे पाहिलंही नाही, ती हाताने बाजूला सारली, त्याचा सदरा धरला आणि बोट दाखवून ओरडू लागल्या. पण बोट जहाजाकडे नव्हतं. मागे होतं, गावाकडे.

"उलटीकडे काय दाखवतेय म्हातारी?" शेजारचा माणूस हसला. "जहाज इकडे आहे हो, आजी!"

तेवढ्यात माझ्या दंडाला कुणीतरी धरलं. नवी नवरी होती, घामाने निथळत, धापा टाकत.

"काकू! तुम्ही इथे आहात?" तिचे डोळे मोठे झाले. "अहो, त्या तुम्हाला शोधताहेत! जाग आली आणि तुम्ही दिसला नाहीत म्हणून त्या दुकानाशी आल्या होत्या, तेव्हा पहिला भोंगा ऐकून टोपलीवालीनेच सांगितलं त्यांना, की तुमचं जहाज सुटायला आलं. आम्ही म्हटलं बसा आमच्या गाडीत, पोचू. बसायलाच तयार नाहीत. म्हणाल्या, माझी धाकटी टोपल्या बघायला आलेली, कुठेतरी राहिलीय, तिला टाकून मी कशी जाऊ? दुकानादुकानांत शिरून विचारत होत्या. आम्ही खाली दारातही सांगितलं, पण त्यांनी शिडी..."

तिचं बाकीचं बोलणं मी ऐकलं नाही. मला संताप आला. दुसरं काही वाटायच्या आधी संतापच आला, जे झालं ते सांगते. इतकी वर्षं पोटात धरून ठेवलेलं एवढं एक माझं होतं, आणि मेलीने तेही स्वतःच्या नावावर करून घेतलं. त्यांना उशीर झाला तो माझ्यामुळे झाला खरा, पण मी ठरवलेला तो नव्हेच. मी ठरवलेल्या उशिरात त्या झोपून राहणार होत्या.

पाण्याची पट्टी रुंद होत होती. वन्संनी त्या माणसाचा सदरा सोडला आणि जहाजाकडे तोंड केलं. कठड्यावरच्या गर्दीवरून त्यांची नजर एका टोकापासून सरकत आली, एकेक तोंड तपासत, आणि माझ्यावर येऊन थांबली.

त्यांचा चेहरा उजळला. दोन्ही हात त्यांनी छातीवर दाबून धरले. मग त्या माणसाला ढोसून माझ्याकडे बोट दाखवलं, आणि इतक्या लांबूनही मला त्यांचे ओठ वाचता आले. "ती बघा, ती बघा. आहे. चढलीय वर." त्या हसत होत्या. एका पायात चप्पल नसलेली, जहाज चुकलेली ती बाई हसत होती, आणि मला हाताने खूण करत होती, आत जा म्हणून, उन्हात उभी राहू नकोस म्हणून.

त्या माणसाने त्यांच्यापुढे पुन्हा बॅग धरली. या वेळी त्यांनी ती घेतली. चेन उघडली. आत पाहिलं. गोळ्या पाहिल्या, तेल पाहिलं, मऊ चपला बाहेर काढून हातात धरल्या. त्या बॅगेत काय घालायचं हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि ती भरायला त्या माणसाला सवडही मिळालेली होती. वन्संनी सावकाश मान वर केली.

मला तोच चेहरा हवा होता. आईच्या उशाशी बसले होते तेव्हापासून मी त्याची वाट बघत होते, आणि तो मला पुरेपूर मिळाला. जहाज वळेपर्यंत मी तो बघत राहिले आणि वन्संनीही तो माझ्यापासून लपवला नाही.

पण त्याच्या आधीचा तो उजळलेला चेहरा मी मागितला नव्हता. कालपासून डोळे मिटले की तोच येतो. दुसरा मी जोर लावून आठवायला बघते, तो येत नाही.